एकाच उन्हात

मित्रांनो, मी बंदुकीच्या गोळीचा वेग मोजणारं एक जुनं यंत्र आहे. केडगावच्या बाहेर, माळावरच्या नेमबाजी क्लबात माझा मुक्काम असतो. मला दोन डोळे आहेत. गोळी पहिल्या डोळ्यावरून जाते, मग दुसऱ्यावरून, आणि तेवढ्यात मी तिचा वेग आकड्यांत दाखवून मोकळा होतो. माणसांना पापणीसुद्धा लववता येत नाही! खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. तरीही एकदा माझ्यामुळे एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची गोष्ट सांगतो.

क्लबात दोन रायफली होत्या. एक लांब नळीची. दुसरीच्या नळीचं तोंड खराब झालं होतं, म्हणून कारागिराने ती कापून आखूड केलेली. आमची अश्विनी अंगाने बारीक. लांब रायफल उभ्याने धरली की तिचं टोक खाली झुकायचं, नेम हुकायचा. आखूड रायफल मात्र तिच्या हातात अगदी शहाण्यासारखी वागायची. पुण्याच्या स्पर्धेला क्लबाची एकच रायफल जाणार होती. ती लांब असली, तर अश्विनीला घरीच बसावं लागणार होतं.

शिकवणारे भिमाजीकाका फौजेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "नळी आखूड म्हंजी जोर कमी. तरी मोजून बघू. जिचा वेग बरा, ती पुण्याला."

सकाळी लांब रायफल झाली. माझे आकडे एकसारखे आले. मग ऊन चढलं. काकांना माझी दया आली. "म्हातारं झालंय बिचारं, तापायचं," असं म्हणत त्यांनी घरच्या डाळिंबाच्या बागेवरची जुनी हिरवी जाळी आणून माझ्यावर ताणली. कोण माया त्या माणसाची! मीही सुखावलो.

पण आखूड रायफलीची पाळी आली आणि वारा सुटला. जाळी हलली, तिच्या सावल्या माझ्या डोळ्यांवर नाचू लागल्या. त्यात गोळी कुठली आणि सावली कुठली, मला कळेना. आकडे वाटेल तसे वर-खाली जाऊ लागले. मी जीव तोडून ओरडलो असतो हो, पण मला तोंड कुठे आहे?

काकांनी मान हलवली. "ही भरवशाची न्हाई, पोरी. लांबच न्यायची."

रिकामी काडतुसं वेचता वेचता अश्विनी माझ्यापाशी येऊन बसली. ओढणीने डोळे पुसले आणि तिची नजर माझ्या आकड्यांवर खिळली. ती एकदम उठलीच.

"काका, बंदूक सुटली न्हाई, तरी आकडा पडतोय! ही जाळी हलतीये. सकाळी जाळी कुठं हुती? दोघींना एकाच उन्हात मोजा ना!"

काकांनी स्वतः जाळी सोडली. एकाच डब्यातल्या गोळ्या, माझ्यापासून तेवढंच अंतर, एकच ऊन. पुन्हा दोन्ही रायफली झाल्या, आणि आखूड रायफल लांब रायफलीपेक्षा थोडी वेगवानच निघाली! या बारक्या काडतुसातली दारू नळीच्या सुरुवातीच्या भागातच जळून संपते. पुढची लांबी गोळीला नुसती घासते.

"आरं देवा," काका कपाळाला हात लावून म्हणाले, "म्या मायेनं सावली धरली, न् तीच तुझ्या आड आली. घे पोरी, हीच ने."

अश्विनी पुण्याला जाऊन आली. पदक आलं नाही, पण आल्या आल्या तिने ओढणीच्या टोकाने माझे दोन्ही डोळे पुसले. मला इतकं भरून आलं, काय सांगू! आता चाचणी असली की काका जाळी गुंडाळून ठेवतात आणि माझ्याशेजारी टोपी घालून उन्हात उभे राहतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण माया करताना, त्यांना काय हवंय तेही बघा. माझी धूळ तेवढी पुसा. आणि कुणा दोघांना मोजायची वेळ आली, तर आधी वर बघा, एकाच्या डोक्यावर जाळी तर नाही ना?