शिट्टीची वाट

चार वर्षं बास्केटबॉलच्या संघात राखीव खेळाडू म्हणून बसल्यावर बाकसुद्धा आपलासा होतो. आमच्या कॉलेजच्या जिमला उंच खिडक्या होत्या, आणि मिनेसोटाच्या हिवाळ्यात त्यांतून सतत बर्फ पडताना दिसायचा. खाली चेंडू दणदणायचा, वर बर्फ आवाज न करता उतरायचा. बघता बघता माझी तंद्री लागायची आणि वाटायचं, मी आत खेळतेच आहे.

कोच हालवर्सन आठच जणींना खेळवायचे. मी नववी. मिनिटं म्हणजे खिरापत नव्हे, ती सरावात कमवावी लागतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्या जागी रेनाटा खेळायची आणि ती माझ्यापेक्षा खरंच फार चांगली होती, त्यामुळे धड रागही धरता येत नसे. खेळ मध्येच थांबवायला मिळणारे मोजके टाइम-आऊट तर कोच असे जपायचे, जणू उरलेले घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवणार आहेत.

तो आमच्या मैदानावरचा माझा शेवटचा सामना. दुसऱ्या कॉलेजांत अशा दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलींना सुरुवातीला उतरवतात. आमच्याकडे तो लाड नव्हता. एरवी मी गप्प बसले असते, पण त्या दुपारी बाबा आले होते. ते रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवतात. बर्फाचा आणि आमचा हंगाम एकच, म्हणून त्यांनी माझा एकही सामना पाहिला नव्हता. आज संध्याकाळची पाळी मागून घेऊन ते नारिंगी जॅकेटातच वरच्या रांगेत येऊन बसले होते. त्यांनी मला एकदा तरी आत बघावं, एवढंच मला हवं होतं.

सामना बराच वेळ अटीतटीचा होता. मग रेनाटाचा हात बसला, आघाडी वाढत गेली आणि निकाल ठरल्यासारखा झाला. कोचनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं.

"जा, ब्रिटा."

मी गुणलेखकांच्या टेबलापुढे एक गुडघा टेकून बसले. शिट्टी वाजून खेळ थांबला की आत जायचं, तोवर तिथेच थांबायचं.

शिट्टी वाजेचना. पाहुण्या मुली दमल्या होत्या, धक्काबुक्की करायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं. चेंडू बाहेर जाईना. तो या टोकाला जायचा, त्या टोकाला यायचा, आणि घड्याळ आपलं पळत होतं. खिडकीबाहेर बर्फ दाट झाला. बाबा टोपी हातात घेऊन उभे राहिले होते. त्यांना यातलं काही कळत नाही. गुडघ्यावर बसणं हेच माझं काम, असं त्यांना वाटलं असेल. मला रडू येत होतं.

समोरून पळताना रेनाटानं मला पाहिलं.

"कोच, हिचं काय?"

आता, जिंकणाऱ्यानं शेवटी टाइम-आऊट घेणं म्हणजे हरणाऱ्याच्या जखमेवर मीठ चोळणं. आम्हाला हे कोचनीच शिकवलं होतं. ते हाताची घडी घालून उभे होते. मग त्यांनी घडी सोडली आणि एका तळव्यावर दुसऱ्या हाताची बोटं उभी टेकवून टाइम-आऊटची खूण केली.

शिट्टी वाजली.

"बाक गरम करून ठेवलाय गं तुझ्यासाठी," बाहेर येणाऱ्या रेनाटाला मी म्हटलं.

चेंडू माझ्याकडे आला. जिंकलेल्यांनी शेवटी बास्केटही करायची नसते, म्हणून मी तो नुसता धरून उभी राहिले. सगळ्यांच्या हातांनी तो ऊबदार झाला होता. गलका लांब गेला. बर्फ आणि मी, दोघंच होतो. मग भोंगा वाजला.

पाहुण्या संघाच्या कोचबाई संतापल्या होत्या. एवढी आघाडी असताना हे? तुमच्याकडून अपेक्षा नव्हती, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

"बरोबर आहे तुमचं," कोच म्हणाले. "चूक माझी. तिचे वडील आलेत."

मी त्यांना बाबांबद्दल कधी सांगितलं नव्हतं. पण बर्फात त्या नारिंगी जॅकेटवाल्याच्या मागून गाडी हाकली नाही असं आमच्या गावात कोण आहे? बाईंनी वरच्या रांगेकडे पाहिलं.

बाबा दाराशी भेटले.

"चेंडू छान धरलास," ते म्हणाले. मग बाहेर बघत जॅकेटाची चेन वर ओढली. "फार साचलाय. पाहुण्यांना हायवेपर्यंत वाट करून देतो."

त्यांची बर्फ काढायची गाडी हळूहळू पुढे निघाली आणि पाहुण्यांची बस तिच्या मागोमाग.