तिसऱ्या आठवड्यातली दौड

"हात गप्प ठेव. घोड्याला तोंड आहे, तू हातांनी बोलू नकोस."

मी सात वर्षांची होते तेव्हा हा आवाज रिंगणाच्या मधोमध उभा असायचा. त्या आवाजाला बूट होते, टोपी होती, पण मला आठवतो तो नुसता आवाज. मी घोड्यावर त्याच्याभोवती गोल गोल फिरायची आणि तो खुंट्यासारखा एका जागी रोवलेला. आता बाबांचा गुडघा बदललाय, म्हणून तो आवाज कुंपणाच्या कडेला खुर्चीवर बसतो. बाकी काही बदललेलं नाही. साठ पावलांवरून माझी करंगळी लगामावर हलली तरी बाबांना दिसते. वर्तमानपत्र मात्र त्यांना आई वाचून दाखवते.

आमच्या घरी चार घोडे. स्वयंपाकघराच्या दारातून निघालं की अकरा पावलांवर पागा, पागेमागे रिंगण, रिंगणामागे कुरण. घर लहान आहे, घोड्यांचं मोठं आहे. पाहुणे येतात तेव्हा आधी त्यांनाच भेटून येतात. मास्तर सगळ्यांत म्हातारा. ज्यांना घोड्यावर बसता येत नाही त्यांना तो शिकवतो, आणि शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांबद्दल काही मत ठेवत नाही. काजळी ही काळी घोडी, अंगानं शेलाटी, मनानं वाऱ्याची सख्खी बहीण. तिसरा जावई. सगळं तोंडापाशी आणून द्यावं लागतं आणि तरी तो नाराज, म्हणून हे नाव. धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा नाव बदलू या असं आई म्हणाली होती. पण घोडा दुसऱ्या नावाला ओ देईना, आणि खऱ्या जावयांनीही कधी हरकत घेतली नाही. चौथा नवा. शिकवून विकायचा म्हणून ऐन थंडीत आणलेला, तपकिरी, कपाळावर बोटभर पांढरं. त्याचं नाव ज्या घरी जाईल त्या घरचे ठेवणार होते, म्हणून आम्ही ठेवलं नाही.

थंडी ओसरली की घोड्यांना पुन्हा कामाला लावायचं. पागेच्या दारावर बाबांनी खडूनं लिहिलेलं असतं: पहिला आठवडा चाल, दुसरा दुडकी, तिसरा दौड. ते पाळणं हवामानावरही बंधनकारक आहे अशी बाबांची समजूत आहे. या दिवसांत रिंगणात सकाळी चिखल कडक असतो आणि दहानंतर मऊ पडतो. घोडे थंडीत वाढलेली लव झाडत असतात. खरारा एकदा फिरवला की ओंजळभर केस निघतात, ते वाऱ्यावर जातात आणि पाखरं कुंपणावर रांग लावून बसतात. आई जावयाची पाठ खरवडताना स्वतःशी गुणगुणते,

केस गं कुणाचे, घरटं गं कुणाचं
दिलं ते घोड्यानं, नेलं ते पाखरानं

आणि जावई डोळे मिटून उभा राहतो, जणू हे सगळं त्याच्याच परवानगीनं चाललंय.

मी थंडीच्या आधी, पानगळीत पडले होते. काजळीवर दौडीत होते, ती एका बाजूला गेली आणि मी दुसऱ्या. काही मोडलं नाही. हेच वाईट झालं. हाड मोडलं असतं तर डॉक्टरांनी सहा आठवडे दिले असते आणि त्या सहा आठवड्यांत माझी भीतीही कुठंतरी जुळून आली असती. पण मी उठले, कपडे झटकले, आणि बाबा म्हणाले, "बरं, चढ परत." मी चढले. काजळीला चालवत पागेपर्यंत आणलं. तेव्हापासून मी एकाही घोड्यावर दौड केलेली नाही, आणि हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

थंडीत ते लपवायला काही करावं लागलं नाही, थंडीत कुणीच दौडत नाही. तिसऱ्या आठवड्याला मात्र तोंड द्यायचं होतं. मास्तर म्हातारा, त्याला दौड माफच आहे. जावयाला दौडवायचं तर आधी त्याला पटवावं लागतं, त्यात सकाळ निघून जाते. काजळीचा एक नाल ढिला झाला होता. नालबंदाचा फोन आला तेव्हा घाई नाही, सवडीनं या, असं मीच सांगितलं. तो सवडीचाच माणूस, त्याला ते मनापासून पटलं. राहिला नवा. त्याला विकत घ्यायच्या विचारानं गावातल्या दातांच्या डॉक्टरबाई बघायला येणार होत्या, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी अकराला. त्यांना दौडणारा घोडा हवा होता. मागणी रास्त होती.

नव्याबद्दल एक गोष्ट मला तो आला त्याच आठवड्यात कळली होती. थंडीत त्याला लांब दोरीवर शिकवताना दोरी माझ्या हातात असायची आणि हुकूम खुर्चीतून यायचा. बाबा "थांब" म्हणण्याआधी एकदा घसा खाकरतात. माझ्या लहानपणापासून खाकरतात, आम्हाला ते ऐकूच येत नाही. नव्याला आलं. त्याचा हिशेब सरळ होता: आधी खाकरणं, मग "थांब", मग थांबायचं, तर खाकरल्यावरच थांबलेलं बरं, वेळ वाचतो. एकदा वैरणीची धूळ घशात गेली म्हणून बाबा खोकले, तर नवा चालता चालता जागच्या जागी उभा राहिला, कान मागे करून, पुढच्या हुकमाची वाट बघत. बाबा तेव्हा रुमाल शोधत होते. त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि बोलले नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी बाबा म्हणाले, दौड. मी नव्याला दुडकीवर घेतलं, कोपरा ओलांडला, टाच लावली. त्यानं पाठ उचलली, ती लाट माझ्या पोटापर्यंत आली, आणि मी खोकले.

नवा थांबला.

लगाम मी ओढला असता तर बाबांना दिसलं असतं. पाठ मागे झुकवली असती तरी दिसलं असतं. खोकला दिसत नाही. बाबा म्हणाले, पुन्हा. पुन्हा घेतला, पुन्हा दोन उड्यांवर खोकले. पाच वेळा. बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले की घोड्याच्या मनात काहीतरी आहे.

मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. माझा खोकला वाढला, घरातही लोकांना ऐकू जाऊ लागला. एकदा खोकायला लागलं की फक्त घोड्यावर खोकून चालत नाही, जेवतानाही थोडं खोकावं लागतं, नाहीतर संशय येतो. आईनं रोज माझ्या छातीला तेल चोळायला घेतलं. दोन मफलर दिले, एक वर, एक आत. वाफेचं पातेलं डोळ्यांसमोर धरून टॉवेलाच्या आत बसले की मला स्वतःचीच खूप कीव यायची, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाला ती फार उपयोगी पडते. बाबा संध्याकाळी नव्याच्या पायांवरून हात फिरवत बसायचे. गुडघा पाहिला, खूर पाहिले, पाठ दाबून पाहिली. काही नाही. मग त्यांनी ते शब्द उच्चारले, जे आमच्या घरी घोड्याबद्दल वर्षानुवर्षांत कधीतरी निघतात: "याला खोड आहे."

मी म्हटलं, लहान आहे अजून. बाबा म्हणाले, खोडीला वय नसतं.

रविवारी डॉक्टरबाई आल्या त्या नाक लाल करूनच. पन्नाशीच्या, उंच, बोलायला मोकळ्या. फाटकातच म्हणाल्या की हात मिळवत नाही, या दिवसांत अर्ध्या गावाला सर्दी आहे आणि त्या सगळ्यांनी माझ्यासमोर तोंड उघडलेलं आहे. आणि खोकल्या. अस्सल खोकला, तळापासून आलेला. तेव्हाच सांगता आलं असतं. मी त्यांना रिकीब धरून वर चढायला मदत केली.

बाई चांगल्या बसायच्या. हात गप्प, पाठ सैल. चालीत एकदा खोकल्या, नवा थांबला. हसल्या, टाच लावली, निघाला. दुडकीत पुन्हा. बाबा खुर्चीतून पुढे झुकले. मग बाईंनी दौड मागितली, नव्यानं दिली, आणि काय दिली. पहिल्यांदाच कुणीतरी त्याला पूर्ण फेरी करू दिली. चिखलाचे गोळे मागे उडत होते, आयाळ वर होत होती, खाली होत होती, आणि मी कुंपणाला धरून बघत राहिले की हे इतकं साधं होतं. दुसऱ्या फेरीत बाईंना उबळ आली. नवा चारही पाय रोवून उभा राहिला. बाई मात्र पुढे जात राहिल्या, त्याच्या मानेपर्यंत. चष्मा त्याहून पुढे गेला.

पडल्या नाहीत. उतरल्या, चष्मा शोधला, रुमालानं पुसला आणि म्हणाल्या की घोडा देखणा आहे. घोडा देखणा आहे, असं माणूस निघायच्या आधी म्हणतं. बाबा स्वतः उठले, काठी टेकत गेले आणि नव्याला पागेकडे घेऊन निघाले. बाई पुन्हा खोकल्या. नवा अंगणाच्या मधोमध थांबला. बाबांनी ओढलं. तो हलला नाही. तो माझ्याकडे बघत होता असं मी म्हणणार नाही, घोड्याचे डोळे बाजूला असतात, तो सगळ्यांकडेच बघत असतो. पण कान त्यानं मागे केले होते, हुकूम नीट ऐकायला. त्याला जे शिकवलं ते तो बिचारा चोख करत होता, आणि बाबा त्याला निमकहराम म्हणत होते.

स्वयंपाकघरात आईनं चहा ठेवला. बाई बूट न काढता दारातल्या स्टुलावर बसल्या, विचार करून कळवते म्हणाल्या. बाबांनी काठी उचलली. भिंतीवरच्या फोनपाशी गेले, वहीचं पान डोळ्यांपासून हातभर लांब धरलं आणि नंबर फिरवायला लागले. खोडीचे घोडे नेणारा एक माणूस आहे. तो गाड्यांना जुंपतो. त्याच्याकडून परत आलेला घोडा आम्ही पाहिलेला नाही.

मी म्हटलं, "बाबा, फोन ठेवा."

"वाजतोय तिकडे."

"वाजू द्या. नव्याला खोड नाही. तो खोकल्यावर थांबतो. थांब म्हणायच्या आधी तुम्ही खाकरता, ते शिकलाय तो."

बाबांनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला. "मी कुठं खाकरतो?"

"बेचाळीस वर्षं," आई म्हणाली.

तिकडून कुणीतरी फोन उचलला. हॅलो, हॅलो, असं बारीक ऐकू यायला लागलं. बाबांनी त्या आवाजावर हात ठेवला.

"तुला कधी कळलं?"

"तो आला त्याच आठवड्यात."

"मग या आठवड्यात रोज तू खोकत होतीस ते?"

"मुद्दाम."

आईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. "आणि मी तेल चोळत होते."

"हो."

डॉक्टरबाईंना खोकला आला होता, त्यांनी तो धरून ठेवला. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. त्या हातांनी मी वरचा मफलर सोडला, मग आतला.

"का पण?" बाबांनी विचारलं. रागावून नाही. खूर तपासताना विचारतात तसं, दुखतं कुठं ते शोधत.

"मला भीती वाटते, बाबा. पडले तेव्हापासून. मी एकाही घोड्यावर दौड केलेली नाही, माझ्याच्यानं होत नाही."

बाबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.