तिरपी कात्री

“बंदी? मला?” सासऱ्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मोबाइल सुनेच्या नाकासमोर धरला. “उभा जन्म कोट शिवण्यात गेला माझा! आणि हा कोण टिकोजीराव मला आठवडाभर गप्प बस म्हणतो?”

सून कामावर निघायच्या घाईत एका पायात बूट घालून दुसरा शोधत होती.

“टिकोजीराव नाही, बाबा. मीच आहे ती.”

दाढी करणारा नवरा तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आला, त्यानं दोघांकडे पाहिलं आणि तो आल्या पावली परत गेला. शहाणा माणूस!

भानगड अशी होती. ‘शिवणकट्टा’ नावाची एक साइट होती. शिवणातलं कुणाचं काही अडलं की तिथं प्रश्न टाकायचा, जाणकारांनी उत्तर द्यायचं. सून तिथली नियंत्रक. दिवसभर दातांच्या दवाखान्यात ठणकणाऱ्या दाढांना अपॉइंटमेंट द्यायची आणि फावल्या वेळात कट्टा झाडायचा, म्हणजे जुनेच प्रश्न एकत्र करायचे, भांडणं मिटवायची, शिवीगाळ काढून टाकायची. पगार नाही, मान नाही, वर बोलणी फुकट. पण तिला ते मनापासून आवडायचं.

कोटांचं दुकान कायमचं बंद झाल्यावर सासरे भिंतीकडे बघत बसायला लागले, तेव्हा तिनंच त्यांना कट्ट्यावर आणलं. नाव त्यांनी स्वतः निवडलं, ‘तिरपी कात्री’. दोघांचं नातं तिथं कुणालाच माहीत नव्हतं. बघता बघता म्हाताऱ्याला पालवी फुटली. कॉलर, बाही, अस्तर, काहीही विचारा, उत्तर बावनकशी. पण प्रत्येक उत्तराला एक टोमणा शिवलेला असायचाच. सून टोमणा तेवढा उसवायची आणि उत्तर ठेवायची. जेवताना सासरे विचारायचे, “आज माझी कुठली ओळ खाल्लीस गं?” आणि दोघं हसायची.

हसण्यावारी नेलं तेच चुकलं, असं आता तिला वाटत होतं.

कारण परवा एका नर्सनं विचारलं होतं, ‘वडिलांच्या पाठीला पोक आलंय. त्यांच्यासाठी कोट शिवतेय. मागून वर चढतो, पुढून लोंबतो. काय करू?’ त्यावर तिरपी कात्री म्हणाली, ‘आधी सुईत दोरा ओवायला शिका. म्हाताऱ्या बापावर कसले प्रयोग करता?’ यावेळी खाली उत्तरही नव्हतं. सुनेनं ते पाहून काढेपर्यंत नर्सनं लिहून टाकलं होतं, ‘चूक झाली. विचारायला नको होतं.’ त्यानंतर ती कट्ट्यावर फिरकलीच नाही.

सुनेनं बाकीच्या नियंत्रकांना खरं काय ते सांगितलं. माझेच सासरे आहेत, तेव्हा निर्णय तुमच्यापैकी कुणीतरी घ्या, म्हणाली. सगळ्यांनी अंग काढून घेतलं. एक म्हणाला, ते गेले तर कट्ट्याला टाळं लागेल. दुसरी म्हणाली, घरचं भांडण घरात मिटवा. मग तिनं मन घट्ट केलं आणि बटण दाबलं.

“मी चाललो मुलीकडे,” सासरे म्हणाले.

“जा. तिथंही बंदी आठवडाभरच राहील.”

ते गेले नाहीत. पण बोलणं टाकलं. मीठ हवं असलं तरी मुलाला म्हणायचे, “त्या नियंत्रकबाईंना सांग.” सून हसण्यावारी नेत होती, पण आतून पार रडकुंडीला आली होती. या माणसाला आपणच उठवून बसवलं, आणि आपणच परत भिंतीकडे तोंड करून बसवलं. हे पुन्हा कट्ट्यावर आलेच नाहीत तर?

बंदीत लिहिता येत नव्हतं, पण वाचता येत होतं. आणि नर्सच्या प्रश्नाखाली उत्तरं येत होती. एकानं खांद्यात जाड पॅड घालायला सांगितलं. दुसऱ्यानं तर मागचं शिल्लक कापड कापून टाका म्हटलं.

सासरे ताडकन उठून स्वयंपाकघरात आले. “कापून टाका? अगं, मागं कापड आधीच कमी पडतंय, म्हणून तर कोट चढतोय! सत्यानाश करतील हे लोक! लिही, मी सांगतो तसं लिही तुझ्या नावानं.”

“नाही लिहिणार.”

“का?”

“बंदीतल्या माणसाचं उत्तर दुसऱ्याच्या हातून टाकता येत नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी काढलं असतं.”

“आणि तिनं कोट कापला म्हणजे?”

“त्या उत्तरावर चुकीचं असल्याची खूण केलीय मी, बाबा. पण खरं उत्तर तुमच्याकडेच होतं. ते द्यायचं सोडून तुम्ही काय दिलंत तिला?”

सासरे खुर्चीवर बसले. टेबलावरच्या कापडाची कड बोटानं सारखी करू लागले.

“आमचे उस्ताद असेच बोलायचे,” ते म्हणाले. “मला वाटायचं, असंच शिकवतात.”

“तुम्हाला कसं वाटायचं तेव्हा?”

“रडायचो,” सासरे म्हणाले. मग हळूच विचारलं, “येईल का गं ती परत?”

“माहीत नाही, बाबा.”

बंदी उठली त्या सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलपुढे बसले. उत्तर लांबलचक होतं. पाठीची आणि छातीची लांबी वेगवेगळी मोजा. पाठीच्या कागदी नमुन्याला खांद्याच्या हाडांपाशी आडवी चीर द्या आणि पोकाला लागेल तेवढी उघडा. पुढचा भाग तेवढ्याच बेतानं आखूड करा. आधी जुन्या चादरीवर बेतून पाहा. आणि सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘मी आपल्याला नको ते बोललो. चूक माझी होती, आपली नव्हे. वडिलांसाठी कोट शिवणाऱ्या हातांना मी हसायला नको होतं.’

सुनेनं ते दवाखान्यात, दोन पेशंटांच्या मधे वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले तिचे. समोरच्या पेशंटला वाटलं, हिचीच दाढ दुखतेय.

नर्सचा मात्र पत्ता नव्हता. सासरे रोज बघायचे आणि बघितलंच नाही असं दाखवायचे. इतरांना उत्तरं देत होते, सरळ, बिनटोमण्याची. कट्ट्याला टाळं लागायचं तर राहिलंच, आजवर बिचकून गप्प बसलेली माणसं भडाभडा विचारायला लागली.

आणि एका रविवारी दुपारी सासऱ्यांनी आतूनच हाक मारली. “सूनबाई! ए सूनबाई! धाव!”

ती हातातलं टाकून धावली. नर्सनं फोटो टाकला होता. खिडकीशी पाठमोरा उभा असलेला एक म्हातारा. पाठ वाकलेलीच, पण कोट त्या पाठीवर अगदी शहाण्यासारखा बसलेला, खालची कड चहूबाजूंनी एका रेषेत. खाली लिहिलं होतं, ‘बाबा तो अंगातून काढायलाच तयार नाहीत.’

“जिंकलो गं आपण!” सासरे म्हणाले.

नवराही धावत आला. तिघं त्या एवढ्याशा पडद्यात डोकी घालून उभी राहिली. सासऱ्यांनी फोटो मोठा करून शिवण तपासली. डावा खांदा किंचित ओढलेला होता. सुनेनं तो पाहिला, आणि सासऱ्यांनीही पाहिला हे तिला कळलं.

त्यांनी एक एक अक्षर जपून दाबलं. ‘वा! तुम्ही माझ्या दुकानात असतात तर काजं-बटणं करायला बसवलं नसतं, थेट कापायच्या टेबलावर घेतलं असतं.’

कट्ट्यावर नुसत्या कौतुकाला जागा नव्हती. तसा शेरा दिसला की नियंत्रकानं तो काढायचा, असा नियमच होता. सासऱ्यांनाही तो पाठ होता. त्यांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं.

“काढणार?”

सुनेनं मोबाइल हातात घेतला, ती ओळ सावकाश वाचली आणि तो तसाच त्यांच्या हातात परत दिला.