शिट्टी झाली की थांबा

भूमितीच्या बाईंचा लाकडी कंपास त्यांच्या नोकरीइतकाच जुना होता. खडू धरणारा स्क्रू सैल झाला तेव्हा त्यांनी त्याला दोरा गुंडाळला, पण नवा कंपास काही घेतला नाही. त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढलं की रेघ जिथून निघाली तिथेच बिनबोभाट येऊन मिळे. एके काळी शाळेत पाहुणे आले की त्यांना मुद्दाम ते वर्तुळ दाखवायला आणत.

आता मुख्याध्यापिका होती ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं बाईंना खोलीत बोलावलं, खुर्ची पुढे केली आणि मग बराच वेळ टेबलावरची टाचणी इकडून तिकडे ठेवत बसली.

"बोल गं. मी काही चावत नाही."

"बाई, दहावीची मुलं स्पर्शिकेचा प्रश्न कोरा सोडतात. नवे सर मोबाईलवर व्हिडिओ दाखवून शिकवतात. वर्ग त्यांना द्यावा म्हणते."

बाईंच्या निवृत्तीला हे एकच वर्ष उरलं होतं. शेवटचा वर्ग असा हातातून काढून घेतलेला त्यांना सोसवणार नव्हता.

"सोमवारी माझ्या तासाला येऊन बस. मग काय ते ठरव," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

व्हिडिओच हवा ना, मग करू की! त्यांनी सुनेचा फोन शाळेत नेला आणि शेवटच्या बाकावरच्या उंच मुलीच्या हाती दिला. तिला सगळे शिडी म्हणत. "माझा तास घे यात. हलू नकोस."

संध्याकाळी सुनेनं व्हिडिओ लावला. बाईंचा आवाज खणखणीत होता: "इथे टोक ठेवायचं, हे बघा, असं फिरवायचं." आणि दिसत काय होतं, तर पदर, पाठ आणि अंबाडा. बाई बाजूला झाल्या तेव्हा आकृती पुरी झालेली होती.

"आई, अंबाडा मात्र झकास आलाय हं," सून म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडीला गाठलं. "मागून असंच दिसतं?"

"पुरी झाली की दिसते ना, बाई."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

शिडीनं नखं न्याहाळली. "एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, लक्ष कुठं होतं?"

रविवारी स्वयंपाकघराच्या फडताळावर फोन आडवा ठेवला गेला. कॅमेरा काठाबाहेर आणि मागच्या टोकावर वजनाला मिठाची बरणी. खाली ओट्यावर कोरा कागद आणि फक्त बाईंचे दोन हात. त्यांनी वर्तुळ काढलं, बाहेर बिंदू घेतला, तो केंद्राला जोडला. तेवढ्यात शेगडीवरचा कुकर कर्कश ओरडला. पुढे आणखी दोनदा ओरडला.

"अगंबाई! विसरलेच मी. आई, पुन्हा घेऊ या."

"कशाला? शिट्टीनं माझी रेघ हलली का?"

सोमवारी मुलांनी घरून मागून आणलेले फोन बाकाला एक असे वाटले, प्रत्येकात बाईंचा व्हिडिओ. शिडीशेजारची जागा रिकामी होती, तिथे मुख्याध्यापिका बसली. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हात बांधून नुसतं उभं राहणं त्यांना फार जड जात होतं.

पहिली शिट्टी झाली आणि वर्ग खिदळला. "बाई, भात झाला!"

"भात झाला, तुमची आकृती कुठं झालीय?" बाई म्हणाल्या. "शिट्टी झाली की व्हिडिओ थांबवायचा आणि तेवढं वहीत काढायचं. अडलं तर मागे न्या. हवं तितक्यांदा."

मग वर्ग एकदम शांत झाला. कुठल्या बाकावर दुसरी शिट्टी होत होती, कुठे पहिलीच पुन्हा. शिडीनं मध्यबिंदूचा भाग चारदा मागे नेला आणि एकदम म्हणाली, "अय्या! म्हणजे इथून दुसरं वर्तुळ काढायचं, आणि ते पहिल्याला छेदेल तिथे स्पर्शिका!"

"ये, फळ्यावर काढ," म्हणत बाईंनी लाकडी कंपास तिच्या हाती दिला आणि स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसल्या.

शिडी फळ्याला अगदी चिकटून उभी राहिली. सगळी आकृती तिच्या पाठीआड गेली.

"बाजूला हो गं, मागं दिसत नाही!"

हे ओरडली मुख्याध्यापिका. ओरडली आणि विद्यार्थिनीसारखी ओशाळली. तिच्यापुढे कागदावर वर्तुळ होतं आणि त्याला बाहेरच्या बिंदूतून दोन स्पर्शिका होत्या, किंचित वाकड्या.

"मी याच बाकावर बसायचे, बाई," ती हळूच म्हणाली. "ही आकृती मी पाठ करून पास झाले."

बाईंनी तिचा कागद ओढून घेतला, रेघांवरून नजर फिरवली.

"वर्ग कुणाचा मग?"

"तुमचाच. नव्या सरांना सांगते, शेवटच्या बाकावर येऊन बसा."

"कंपास घेऊन या म्हणावं त्यांना," बाई म्हणाल्या, आणि मान उंच करून शिडीची रेघ कुठे जाते ते बघू लागल्या.