गोपिकाबाईंचा ओटीपी सुलोचनाबाईंच्या फोनात

वडनेरच्या रेशन दुकानात त्या सकाळी गोपिकाबाईंची दाही बोटं नापास झाली. दुकानदार धर्मेंद्रने आधी अंगठे घेतले, मग एकेक बोट मशीनवर टेकवून पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, शेवटी स्वतःच्या शर्टाला घासून पाहिलं. मशीन दर वेळी लाल दिवा दाखवून गप्प.

"मोठीबाई, रेषाच नाई उरल्या तुमच्या बोटायले," तो म्हणाला. "काय करता हातानं?"

"भेंडी तोडतो. तीस वर्षं झाले," गोपिकाबाई म्हणाल्या. "आता काय सरकारसाठी भेंडी सोडू?"

मागची रांग हसली. धर्मेंद्र मात्र हसला नाही. केवायसीची ती शेवटची तारीख होती. कार्डावरच्या प्रत्येक माणसाचा बारा आकडी आधार नंबर तपासून झाला पाहिजे, नाहीतर त्याचं धान्य थांबणार. आणि गोपिकाबाई साध्या सदस्य नव्हत्या, कुटुंबप्रमुख होत्या. त्यांच्या नावाखाली दोन चुलींची आठ माणसं होती.

"प्रमुखच अडकला तं कार्डाचं काय होईन, मले सांगता येत नाई," धर्मेंद्र म्हणाला. "पण मोबाइलवर चेहऱ्यानं होते. सुनेले सांगा. नंबर टाकायचा, ओटीपी येते, मंग डोळे मिचकवायचे."

"डोळे मिचकवायचे? या वयात? कोणाले?"

"फोनाले वो, मोठीबाई!"

घरी येऊन त्यांनी सून सपनाला फोन घेऊन अंगणात बसवलं. सपनाने बारा आकडे टाकले, बटण दाबलं, आणि दोघी गोपिकाबाईंच्या फोनाकडे बघत बसल्या. फोन मुका. तेवढ्यात अंगणातल्या भिंतीपलीकडे "टुंग" असा आवाज झाला.

सपनाने सासूकडे पाहिलं. सासूने आभाळाकडे पाहिलं.

घोटाळा असा होता. आधार काढलं तेव्हा घरात फोन एकच होता, आणि तो धाकट्या जावेच्या, सुलोचनाबाईंच्या कमरेला असायचा. मोठीच्या आधारालाही तोच नंबर लागला. पुढे घरं वेगळी झाली, मध्ये भिंत आली, तरी बोलणं-चालणं होतं. मग चार वर्षांपूर्वी सुलोचनाबाईंनी वाळत घातलेल्या कुरडया गोपिकाबाईंच्या गाईने फस्त केल्या. तेवढ्यावर भांडण पेटलं नसतं. पण गोपिकाबाई बोलून गेल्या, "बरं झालं, गायीनं तरी खाल्ल्या. माणसायनं तं खाल्ल्याच नसत्या."

तेव्हापासून दोघींमध्ये शब्द नव्हता. त्यांचे नवरे, बंडूजी आणि तानबा, एकाच वावरात भाजी पिकवत आणि एकाच गाडीने बाजारात नेत. पोरं जिकडे भाजी चांगली तिकडे जेवत. या दोघी मात्र एकमेकींना जे सांगायचं ते आपापल्या कोंबड्यांना मोठ्याने सांगत.

सपना भिंतीशी गेली. "काकू, तुमच्या फोनात सहा आकडे आले असन. सांगता का?"

"आले ना," पलीकडून सुलोचनाबाई म्हणाल्या. "पण ज्याचा नंबर हाय त्यानं मागावं. फोनात लिहूनच येते, आकडा दुसऱ्याले सांगू नका म्हणून. मी कायद्यानं चालतो."

"सपना, तिले सांग, मले गरज नाई!" इकडून गोपिकाबाई.

"मंग उपाशी राहा म्हणा!"

"तुह्या घरचा गहू बी माह्याच नावावर येते म्हणा!"

या सगळ्यात दहा मिनिटं गेली आणि आकडा बाद झाला. सपनाने दुसरा मागवला. पलीकडे पुन्हा "टुंग". पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मात्र तिच्या कपाळावर घाम आला. "आई, आता बंद पडन हे! मंग बसा डोळे मिचकवत!"

गोपिकाबाई उठल्या. एक घमेलं भिंतीशी पालथं घातलं, त्यावर चढल्या आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचं डोकं भिंतीवर उगवलं. पलीकडे सुलोचनाबाई फोन मांडीवर धरून बसलेल्या. बहुतेक वाटच बघत होत्या.

"काय आकडा हाय वो?" गोपिकाबाई घशातल्या घशात म्हणाल्या.

"काय म्हणता? आयकू नाई आलं."

"आकडा सांग म्हणतो, सुलोचने!"

सुलोचनाबाईंचा चेहरा एकदम उजळला. फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्या ओरडल्या, "चार! सात! शून्य! सात!"

नेमकी तेव्हाच शेजारची पिठाची चक्की सुरू झाली. "साठ?" गोपिकाबाई ओरडल्या.

"साठ कुठचे? सात!"

"मंग किती सात?"

"दोन सात! एक शून्याच्या अलीकडे, एक पलीकडे, आपल्या दोघीवानी! मंग एक, मंग नऊ!"

सपनाने भराभर आकडे दाबले. हिरवी खूण आली. पण आनंदाने वळायला गेल्या तशा गोपिकाबाई घमेल्यासकट घसरल्या आणि मेथीच्या जुड्यांच्या ढिगात बसल्या. भिंतीपलीकडे नुसतं "आईवं!" ऐकू आलं आणि पुढच्या क्षणी सुलोचनाबाई फाटकातून धावत आत आल्या. चार वर्षांत त्या फाटकाला त्यांचा हात लागला नव्हता.

"लागलं काय, बाई?"

"मेथीले लागलं असन," गोपिकाबाई केसांतून पाला काढत म्हणाल्या. सुलोचनाबाईंनी ओठ दाबून धरले. फुटायचं ते फुटलंच.

आता चेहरा. सपनाने फोन समोर धरला. "आई, इथं पाहा. आता पापण्या मिटा."

गोपिकाबाईंनी सगळा जोर लावून डोळे मिटले. त्यासोबत नाक आक्रसलं, ओठ चंबूसारखे झाले, खांदे कानांना लागले.

"बाई, डोळे मिटा, तोंड नाई!" सुलोचनाबाई म्हणाल्या आणि खाली बसून हसू लागल्या. फोनाने चेहरा नाकारला.

दुसऱ्यांदा गोपिकाबाईंनी डोळे इतके वटारले की पापणी हलायलाच तयार नाही. तिसऱ्यांदा फोन वर आला तोच त्या फिसकन हसल्या. सुलोचनाबाई पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळल्या, पण त्यांची पाठच हसत होती.

"कोणाची तरी मयत आठवा," सपना काकुळतीला आली. "आजीसासूची आठवा!"

हे तर भलतंच झालं. सासूच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. बंडूजी आणि तानबा घाटावर हात जोडून वचनांवर वचनं देत होते, गाय सांभाळू, पोथी वाचू, भाऊ भाऊ भांडणार नाई. तास गेला. शेवटी वैतागून गोपिकाबाई म्हणाल्या होत्या, "च्या ठेवू काय?" आणि कावळा धपकन उतरला होता. दोघी जावांना ते एकाच वेळी आठवलं. गोपिकाबाई नुसत्या "च्या" एवढंच म्हणू शकल्या. सुलोचनाबाई बाजेवर आडव्या झाल्या. सपनाला गोष्ट माहीत नव्हती, तरी तिच्या हातातला फोन हलू लागला.

"पुरे! शेवटची बारी हाय!" सपनाने डोळे पुसत दम दिला.

सुलोचनाबाई उठल्या, फोनाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. गोपिकाबाई ओठ घट्ट मिटून ताठ बसल्या. आणि सपना "आता" म्हणाली तशी सुलोचनाबाईंनी गाल फुगवून मोठ्या जावेच्या तोंडावर फूं केलं. पापण्या आपसूक मिटल्या, उघडल्या. हिरवी खूण. केवायसी पूर्ण.

सपनाने एक उडी मारली. मग कौतुकाने म्हणाली, "काकू, तुमचं बरं, आधीच होऊन गेलं."

सुलोचनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "कुठचं वो? माही बी बोटं तशीच. लोकायसमोर म्हटलं झालं म्हणून."

"आणि मले कायदा शिकवून राह्यली होती!" म्हणत गोपिकाबाईंनी जावेला खांद्याला धरून बाजेवर बसवलं. "बस. सपना, टाक हिचा नंबर."

संध्याकाळी बंडूजी आणि तानबा रिकामी कॅरेटं घेऊन बाजारातून आले, तेव्हा अंगणात मेथी विखुरलेली, घमेलं उलटं, आणि दोघांच्या बायका एका बाजेवर बसून डोळ्यांना पदर लावून हुंदके देत होत्या. तानबाच्या हातातलं कॅरेट गळून पडलं.

"काय झालं वो? कोण गेलं?"

दोघींना बोलताच येईना. सपनाच शेवटी म्हणाली, "कोणी नाई गेलं, मामाजी. आठच्या आठ जणं हायेत कार्डावर."

भाऊ एकमेकांकडे बघत उभे राहिले. बाजेवर पुन्हा खसखस पिकली, आणि सुलोचनाबाई गोपिकाबाईंच्याच चुलीकडे निघाल्या, वाटेत त्यांच्या कोंबडीला बाजूला सारत.