फोनच्या पेटीची पूजा

रेवती टेबलाखाली पालथी पडून फोनच्या पेटीमागे हात घालत होती.

"मालनताई, टॉर्च जरा खाली धरा ना."

मालननं मोबाइलचा टॉर्च खाली धरला. नको तेवढा खाली. एकोणीस वर्षं नोकरी करून शेवटी काय, तर हिला उजेड दाखवायचा.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा रबरी वॉशरचा कारखाना. दसऱ्याची सुट्टी संपवून आज गाळा उघडला, तर फोन चालू आणि नेट बंद. ऑर्डरी जिथं येतात ते सातही कॉम्प्युटर मख्ख. विशाल सर दर पाच मिनिटांनी केबिनमधून डोकावत होते.

"रेवती, झालं का गं?"

पूर्वी ही हाक मालनला यायची. ती फोनची ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा विशाल सर शाळेत होते आणि खुर्चीत त्यांचे वडील. गिऱ्हाईकं तिला आवाजावरून ओळखायची. सहा महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरचं बघायला ही रेवती आली आणि तिनं फोनचं जुनं मशीन काढायला लावून ही नवी पेटी आणली. हिच्या पोटातच म्हणे नेटचा राउटर. आता फोन केला की पेटीच बोलते, 'नमस्कार, ऑफिससाठी एक दाबा', आणि तेही रेवतीच्या आवाजात. का? मालनचा घसा बसला होता का? तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. म्हणून आज सकाळी तिला आतून झकास वाटलं होतं. लागू दे वाट हिच्या पेटीची.

रेवती उठून बसली. लॅपटॉपची वायर तिनं भिंतीवरच्या इंटरनेटवाल्यांच्या डब्यात लावून पाहिली.

"इथं नेट येतंय. म्हणजे बाहेरची लाइन ठीक आहे."

मग तीच वायर फोनच्या पेटीत लावली आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

"पेटीपर्यंत मात्र काही पोचतच नाहीये."

"पेटीच खराब असेल," मालन म्हणाली. "जुनं मशीन असं कधी वागलं नाही गं."

विशाल सर दारात उभे होते.

"रेवती, तू सांगितलंस म्हणून ही घेतली. जमत नसेल तर आजच परत पाठवतो. जुनं मशीन माळ्यावर आहे अजून."

रेवतीचा चेहरा उतरला. मालननं खांद्यावरची ओढणी सारखी केली. माळ्यावरचं मशीन खाली कुणाकडून उतरवून घ्यायचं, हेही तिनं मनात ठरवून टाकलं.

रेवती पुन्हा टेबलाखाली शिरली.

"मागं पाच सॉकेट आहेत बघा. चार आत ऑफिसकडे जाणाऱ्या वायरींची, आणि बाजूचं एक बाहेरून येणाऱ्या नेटचं. निळी वायर त्या पाचव्यात हवी. ती पहिल्यात कशी..."

ती थांबली. सॉकेटच्या कडेला हळद लागली होती.

मालननं टॉर्च बाजूला वळवला. खंडेनवमीला इथं सगळ्या मशिनांची पूजा व्हायची आणि फोनच्या मशीनची पूजा पहिल्या वर्षापासून तिचीच. संध्याकाळी काम संपलं की वायरी काढायच्या, फडक्यानं पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, मग वायरी परत. जुन्या मशीनला डावीकडून ओळीनं लावल्या की काम झालं. यंदाही तिनं तसंच केलं होतं.

रेवतीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. निळी वायर काढून तिनं पाचव्या सॉकेटमध्ये घातली आणि अंगठ्यानं हळद पुसून टाकली. दोन मिनिटांत बाहेरून कुणीतरी म्हणालं, "आलं, आलं नेट."

"काय झालेलं?" सरांनी विचारलं.

"वायर चुकीच्या जागी होती, सर. सुट्टीच्या आधी मीच काहीतरी बघत होते, तेव्हा लागली असेल. सॉरी."

"अगं, सॉरी काय त्यात? शोधून काढलंस ना लगेच."

मालनचं अंग जळालं. आवाज हिचा, शाबासकी हिला, आणि आता वर उपकारही हिचेच घ्यायचे? बाकी सगळं गिळलं, हे नाही गिळवत.

"सर, ती वायर मी लावली होती," ती म्हणाली. "पूजेच्या वेळी. माझ्या हातानं."

विशाल सर हसले. अगदी मायेनं हसले.

"राहू द्या हो, मालनताई. तिला वाचवायला स्वतःवर कशाला घेताय? तुमचा काय संबंध त्या पेटीशी?"

"नाही सर, खरंच मी..."

"मन मोठं आहे तुमचं," असं म्हणत ते केबिनमध्ये गेलेसुद्धा.

रेवती लॅपटॉप मिटत होती. मालननं तिचं मनगट धरलं.

"जा ना गं, सांग त्यांना," ती म्हणाली. "पूजेच्या वेळी मीच बिघडवलं होतं म्हणून सांग."