ओझेवाली

“लंगडा?” मी कीबोर्डवरचे हात उचलले. “अरे, त्या खेळात तुला उडतासुद्धा येतं. आणि तू त्याला लंगडा करतोस?”

“लिही ना, ठमे. डावा पाय.”

“आठवड्यातून एक सुट्टी मिळते मला. त्यात तुझ्या योद्ध्याचे पाय मोडत बसू?”

दादा पलंगावर उताणा पडून छताकडे बघत होता. तो एरवीही छताकडेच बघतो. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा माणूस. दोर तुटला, तेव्हापासून मानेखालचं काही हलत नाही. लोक येतात, ‘बिचारा’ म्हणतात आणि फळं ठेवून जातात. त्यांनी या बिचाऱ्याबरोबर एक दुपार काढून दाखवावी. उशी वर घे, खाली घे. नाक खाजव, तिथे नाही, जरा वर. कुशीवर वळवताना तोंड खिडकीकडेच हवं. भिंतीची पाळी आली की कुरकुर. आणि आता हा खेळ.

इंटरनेटवरचा खेळ. त्यात चित्रं नाहीत की गोळीबार नाही. पाचसहा माणसं आपापल्या घरी बसून लिहितात: माझ्या माणसाने हे केलं, माझा माणूस असं म्हणाला. एक जण सूत्रधार. संकटं त्याने आणायची, बाकीच्यांनी निस्तरायची. या गटाची सूत्रधार कुठल्याशा गावातली दातांची डॉक्टर आहे आणि प्रश्नही तशीच विचारते, मुळापर्यंत जाऊन. नवीन गड्याने अख्खा माणूस घडवून आणायचा, ती त्याला खोदून खोदून विचारणार, पटलं तर आत. गटात एकच जागा रिकामी होती. आज दुपारी पटलं नाही, तर ती दुसऱ्याला.

दादाला ती जागा हवी होती. इतकी की सकाळपासून त्याने एकदाही मला चिडवलं नव्हतं. त्या गटात कुणालाच माहीत नव्हतं, की त्याचे हात हलत नाहीत. बोललेलं टिपून घेणारं यंत्र आणलं होतं, पण दादाचा खर्जातला आवाज त्या यंत्राला झेपेना. मग आहेच मी. फुकटची टंकलेखिका.

पहिला योद्धा कालच परत आला होता. सहा फूट, निधडा, अचूक तिरंदाज. सूत्रधाराने लिहिलं, ‘याला काही दुखतच नाही. हा माणूस नाही, खांब आहे.’ म्हणून आज डावा पाय.

मी पाठवलं. उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं, “‘लंगडेपण वरून चिकटवलंय. एकटा असताना हा काय करतो?’”

“लिही, तलवारीला धार लावतो.”

“‘आणखी?’ म्हणतेय.”

“लिही, आणखी धार लावतो.”

“दादा, तलवार संपेल.”

“मग तू सांग की काहीतरी!”

मी काय सांगणार? मी शहरबस चालवते. स्टेशन, बाजार, कोर्ट, हॉस्पिटल आणि परत स्टेशन. डेपो मॅनेजरला उद्या उत्तर द्यायचं होतं. लांब पल्ल्याची गाडी देतोय म्हणाला, घाटातली. गेलं की दोन रात्री बाहेर. नोकरीला लागले तेव्हापासून मी ती गाडी मागत होते. आता मिळत होती आणि मी नाही म्हणणार होते. दादाला यातलं काही बोलले नव्हते. सांगून उपयोग काय? तो म्हणणार ‘जा’, मी म्हणणार ‘तुला वळवणार कोण?’, आणि दोघांची संध्याकाळ वाया.

“पुढचं आलंय,” मी म्हटलं. “‘लंगड्याला डोंगर चढवणार कोण?’”

“त्याची बहीण,” दादा पटकन म्हणाला. “पाठीवर घेऊन. ओझेवाली आहे ती, लोकांची ओझी वाहते.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

“‘ती कशी आहे?’ विचारतेय.”

“चिडकी.”

“दादा.”

“तू फक्त लिही. चिडकी. रस्त्याला शिव्या घालते. उभ्याने जेवते. भूक नाही म्हणते आणि मग पातेलं खरवडते. उपकार बोलून दाखवते.”

“मी कधी बोलून दाखवले?”

“काल. मला पुसताना.”

“ते मी साबणाला म्हणत होते!”

“साबणाला म्हणालीस ‘तुझ्यापायी माझी कंबर गेली’?”

मी लिहिलं. माझीच उणीदुणी, माझ्याच बोटांनी. कुणा डॉक्टरीणबाईला वाचायला.

“‘ती रडते का?’” मी वाचलं.

“नाही,” तो म्हणाला. “मोरीत जाऊन नळ सोडते. नळाचा आवाज येतो, पण बादली भरल्याचा येत नाही.”

माझी बोटं थांबली.

“लिही,” तो म्हणाला.

“‘तिला काय हवंय?’”

“लांबचे रस्ते. जायचं नसलं तरी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, हा कुठे जातो, पुढे काय लागतं.”

मी पाठवलं. मग उत्तर आलं, ‘योद्धा राहू दे, त्याला पाठीवरच ठेवा. आम्हाला ही हवी. ओझेवाली आत. खेळ सुरू करतोय.’

मला हसावं की लॅपटॉप आपटावा कळेना. “इतके दिवस योद्धा योद्धा करून घसा कोरडा केलास, आणि घेतलं कुणाला? हमालीणबाईला!”

“घेतलं ना? मग झालं तर,” दादा म्हणाला. पण त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

खेळ सुरू झाला. एक वैदू होता, एक चोर, एक गाणारी म्हातारी. सगळे नदीशी आले. सूत्रधाराने लिहिलं, ‘शेवटची नाव सुटतेय. पाठीवरच्या माणसाला तीत जागा नाही. पलीकडे डोंगराचा रस्ता आहे. ओझेवाली काय करते?’

“लिही,” दादा म्हणाला, “ती भावाला काठावर ठेवते आणि नावेत बसते.”

“मुळीच नाही.”

“माझं पात्र आहे.”

“तुझं कसलं? पातेलं माझं, नळ माझा! आणि त्याला काठावर कोण बघेल? माशी बसली तर हाकलेल कोण?”

“काठावर झोपडी आहे. तिथे एक म्हातारा राहतो. रात्री सोबतीला झोपेन म्हणालाय. त्याची बायको दिवसा येतेच.”

“कुणी विचारलं त्यांना?”

“भावाने.”

दिवसा दादाजवळ शेजारच्या काकू बसतात. त्यांचा नवरा निवृत्त आहे, हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता.

“तुझ्या मॅनेजरचा फोन आला होता,” दादा छताला म्हणाला. “तू आंघोळीला गेली होतीस. काकूंनी माझ्या कानाला लावला. चांगला माणूस आहे. फार बोलतो.”

“आणि तू मला हे असं सांगतोस? दात उपटणाऱ्या बाईच्या मध्यस्थीने?”

“सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

पडद्यावर चोराने लिहिलं होतं, ‘ओझेवाली आहे की झोपली?’

मी कीबोर्ड ओढला. आता तो काही सांगत नव्हता. मीच लिहीत होते, कळा बडवत. ‘ओझेवाली भावाला काठावर ठेवते. म्हाताऱ्याला बजावते: याच्या मानेखाली टॉवेल डावीकडून घालायचा, उजवीकडून दुखतं. पाणी नळीने, घोट घोट, ठसका लागतो. रात्री दोनदा वळवायचं, तो नको म्हणाला तरी. पाठीवर लाल डाग दिसला तर थांबायचं नाही, डॉक्टर बोलवायचा. हा ‘बरं आहे’ म्हणतो ते खोटं असतं. याच्या विनोदांना हसायचं नाही, सोकावतो.’

“झालं का?” दादाने विचारलं.

“थांब.”

‘मग ती नावेत बसते.’

पाठवलं. वैदूने लगेच काहीतरी लिहिलं, म्हातारीनेही. मी वाचलं नाही. झाकण मिटलं.

त्याला वळवायची वेळ झाली होती. खांद्याखाली हात घातला, गुडघा वाकवला, रोजच्यासारखं त्याला खिडकीकडे घ्यायला लागले.

“तिकडे नको,” दादा म्हणाला. “आज भिंतीकडे कर.”

मी त्याला भिंतीकडे वळवलं आणि टॉवेल डावीकडून सारला.